'यू'विना 'क्यू'

गेल्या श्रावणात, बाहेर पावसाची संततधार आणि घरात विजेचा पत्ता नाही अशा एका संध्याकाळी, माझी भाची मेणबत्तीच्या उजेडात स्क्रॅबलचा पट मांडून धाकट्या भावाशी खेळत होती आणि समोरच्या पट्टीवर उभ्या असलेल्या सात सोंगट्यांकडे, सावकाराची नोटीस हाती पडलेल्या कुळाने पाहावे तशा चेहऱ्याने पाहत होती. "मामा, क्यू आलाय आणि यू एकही नाही, आता काय करू?" असे तिने विचारले, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे मी तिला शब्दकोश पाहण्याचा उपदेश केला. त्यावर ती म्हणाली, "कोशात पाहू काय? शब्द ठाऊक असता तर कोश कशाला लागला असता?" आक्षेप बिनतोड होता आणि त्याचे उत्तर तत्काळ सुचले नाही, म्हणूनच पुढे कित्येक दिवस तो माझ्या मनात घोळत राहिला.

वस्तुतः शब्दकोश ही एकाच दरवाजाची इमारत आहे. मोल्सवर्थने १८३१ साली सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश घ्या की सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा इंग्रजी कोश घ्या. ज्याला शब्द माहीत आहे परंतु अर्थ माहीत नाही, अशाच गरजूसाठी तो रचलेला असतो आणि त्याला आद्याक्षराच्या देवडीतूनच आत यावे लागते. खेळणाऱ्याची गरज नेमकी उलटी असते. त्याच्यापाशी अक्षरे आहेत आणि शब्द नाही. अर्थाशी तर त्याला यत्किंचितही कर्तव्य नाही. शब्दाच्या पोटात अमुक अक्षर असावे, शेवटी तमुक असावे, एकंदर लांबी इतकीच असावी, अशा अटींवर शब्द हुडकू गेल्यास तो एकच दरवाजा निरुपयोगी ठरतो. आपल्या पूर्वसूरींनी ही अडचण ओळखली होती असे दिसते. कारण अमरकोश विषयवार वर्गांनी लावलेला असला, तरी 'विश्वप्रकाश' आणि 'मेदिनी' हे संस्कृत कोश शब्दातील अंत्य व्यंजनाच्या क्रमाने लावलेले आहेत, म्हणजे त्यांत शिरावयाचे ते मागील दाराने. अंत्याक्षराचे महत्त्व आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते, याचे श्रेय भेंड्यांना आहे. 'ळ'ने किंवा 'ण'ने आरंभ होणारा शब्द मराठीत जवळजवळ नसल्यामुळे प्रतिपक्षावर ते अक्षर लोटून देण्यातला आसुरी आनंद ज्याने बालपणी अनुभवला आहे, त्याला इंग्रजी खेळातील 'क्यू'चे किंवा 'व्ही'चे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजीतील ज्या घटकाला आपण सवयीने 'अक्षर' म्हणतो, तो आपल्या व्याकरणाच्या दृष्टीने केवळ वर्ण होय. 'स्त्री' हे आपले एक अक्षर, परंतु त्यात सकार, तकार, रेफ आणि ईकार असे चार वर्ण दाटीवाटीने बसलेले असतात आणि मराठी शब्दकोड्यात ते चौघे मिळून एकच घर अडवतात. इंग्रजीत प्रत्येक वर्णाचे बिऱ्हाड स्वतंत्र. म्हणूनच ते सुटे करता येतात, मोजता येतात, पिशवीत घालून ढवळताही येतात. पुढील विवेचनात मी रूढीला शरण जाऊन 'अक्षर' हाच शब्द वापरीत आहे.

अक्षरांची ही मोजदाद करण्याचे काम आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने केले. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे १८९९ साली जन्मलेला हा गृहस्थ १९३० च्या आसपासच्या महामंदीत बेकार झाला आणि रिकाम्या वेळात त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वृत्तपत्रांची पाने पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याचा ताळेबंद मांडला. एडगर ॲलन पो याच्या 'द गोल्ड बग' या १८४३ च्या कथेत गुप्तलिपी उलगडताना इंग्रजीत 'ई' सर्वाधिक येतो या तत्त्वाचा आधार घेतलेला आहे, आणि बट्सला आपल्या खेळाचे बीज तेथेच सापडले असे सांगतात. मात्र पोने त्या कथेत दिलेल्या क्रमात 'टी'ला दहाव्या स्थानी ढकलले आहे आणि इंग्रजी लेखनात त्याचा मान वस्तुतः दुसरा आहे, ही चूक बट्सच्या मोजणीत टिकणे शक्य नव्हते. प्रथम 'लेक्सिको' आणि पुढे १९३८ साली 'क्रिस क्रॉस वर्ड्स' या नावांनी त्याने हा खेळ रचला. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने त्याला 'स्क्रॅबल' हे नाव देऊन बाजारात आणले. १०० सोंगट्यांपैकी २ कोऱ्या. उरलेल्या ९८ मध्ये 'ई' १२, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी ९, 'ओ' ८, आणि 'के', 'जे', 'एक्स', 'क्यू', 'झेड' यांना प्रत्येकी अवघी एक. 'एस' विपुल असूनही त्याच्या फक्त ४ सोंगट्या ठेवल्या, कारण ज्याच्या हाती तो पडेल त्याने कोणत्याही शब्दाचे अनेकवचन करून फुकटचे गुण लाटावे, हे बट्सला मंजूर नव्हते. मला या माणसाच्या न्यायबुद्धीचे फार कौतुक वाटते. चालू गद्यात 'एच' वरचेवर भेटतो. त्या भाषेतील सर्वांत राबता शब्द जो 'द', त्याच्यातच तो बसलेला आहे. परंतु खेळात 'एच'च्या २ च सोंगट्या आहेत. शब्द वाक्यात किती वेळा येतो आणि कोशात तो एकदाच येतो, या दोन गोष्टींत अंतर आहे. ज्याला अक्षरांवरून शब्द शोधायचे आहेत, त्याने वर्तमानपत्राची नव्हे, कोशाची वारंवारता मनात बाळगली पाहिजे.

'ई'चा अंमल किती कडक आहे हे पाहायचे असेल तर अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याच्या 'गॅड्सबी' या १९३९ च्या कादंबरीकडे पाहावे. सुमारे ५०,००० शब्दांत त्याने 'ई' एकदाही येऊ दिला नाही आणि अनवधान होऊ नये म्हणून टंकयंत्रावरील त्या अक्षराची दांडी दोरीने बांधून टाकली. इंग्रजांना याचे नवल वाटले असेल. आपल्याला वाटण्याचे कारण नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्ताच्या ओठांवर प्रियेच्या दंतक्षताची जखम असल्याने तो आपली सारी हकीकत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो, आणि आपल्या मोरोपंतांनी तर 'निरोष्ठ रामायण' रचले. पवर्गच वर्ज्य म्हटल्यावर रामायणात 'राम' हे नावच येऊ शकत नाही! कथानायकाचे नाव न घेता त्याची अख्खी कथा सांगणारा तो आर्यापती पन्हाळ्याऐवजी न्यूयॉर्कला जन्मता, तर पटावरची सर्व बक्षिसे त्याने एकट्याने नेली असती, असा विचार माझ्या मनात येतो.

आता शोधण्याची रीत. पटू खेळाडू हातातील सात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावून घेतात. 'ए, ई, आय, एन, आर, एस, टी' हा क्रम डोळ्यांपुढे आला की 'नॅस्टिअर', 'रिटेन्स', 'रेटिनाज' आणि 'स्टेनर' हे चारही शब्द त्या एका किल्लीने उघडतात, कारण अर्थांनी एकमेकांना पारखे असलेले हे चौघे मुळाक्षरांनी सख्खे भाऊ आहेत. त्यातला 'एस' काढला की उरतो 'रेटिना', म्हणजे नेत्रपटल. आणि या सहा अक्षरांची ख्याती अशी, की सातवे जवळजवळ कोणतेही मिळो, शब्द तयार होतो. 'सी' मिळाल्यास 'सर्टन', 'जी' मिळाल्यास 'ग्रॅनाइट', 'डी' मिळाल्यास 'ट्रेन्ड', 'एम' मिळाल्यास 'मिनारेट', म्हणजे आपला मनोरा. सातही सोंगट्या एकदम उतरवणाऱ्यास ५० गुणांचे इनाम असल्यामुळे अशा सहा-सहा अक्षरांच्या जुळण्या खेळाडू तोंडपाठ करतात, जसे एकेकाळी आपल्याकडे पावकी-निमकीचे पाढे पाठ केले जात. जोडीला शेपटांची वहिवाट असतेच: 'आयएनजी', 'ईआर', 'ईएसटी' ही अक्षरे हाती आली की ती बाजूला काढून ठेवायची आणि मागे काय उरते तेवढेच पाहायचे.

हेच काम यंत्राकडे सोपवले की त्याची युक्ती मोठी मनोहर आहे. सर्व शब्द एका वृक्षाप्रमाणे मांडायचे: खोडापासून पहिल्या अक्षराच्या फांद्या, त्यांवर दुसऱ्या अक्षराच्या डहाळ्या, असे करीत जेथे शब्द पुरा होईल तेथे खूण करायची. हातात 'झेड' नसेल तर 'झेड'ची फांदी समूळ वगळता येते आणि तिच्यावरील सहस्रावधी पाने चाळण्याचा खटाटोप वाचतो. ॲपेल आणि जेकबसन या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या वृक्षाची शेंडीकडील सारखी टोके एकत्र बांधली. कारण हजारो शब्दांची 'आयएनजी' ही अखेर प्रत्येकी निराळी लिहिण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच वापरणे काटकसरीचे. मात्र या वृक्षालाही खोडापासूनच चढावे लागते, म्हणजे कोशाचा तोच एक दरवाजा. फरक इतकाच, की यंत्राच्या पायांना थकवा ठाऊक नाही.

शब्दकोड्यात अट निराळी. तेथे अक्षरे जागेवर बसलेली असतात आणि मधली भगदाडे बुजवायची असतात. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले कोडे छापले, त्यानंतर चार दशकांच्या आतच मुंबई इलाख्यात कोडी सोडवून मोठमोठी बक्षिसे मिळवण्याचा नाद एवढा बोकाळला, की एका रिकाम्या घरात अनेक अक्षरे सारखीच बसत असताना त्यांतले 'बरोबर' कोणते हे ठरवणे बुद्धीचे काम की नशिबाचे, हा प्रश्न थेट कोर्टाच्या दप्तरी दाखल झाला. १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने महिन्याच्या बक्षिसांची रक्कम १,००० रुपयांपुरती मर्यादित केली आणि १९५७ साली चामरबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे असा निवाडा दिला. शब्दांत किती धोका भरलेला असतो, हे सरकारने ओळखले म्हणायचे! अलीकडच्या 'वर्डल'ने तो धोका बक्षीसच न ठेवता टाळला. जॉश वॉर्डल याने २०२१ च्या ऑक्टोबरात लोकांपुढे ठेवलेल्या या खेळात पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. इंग्रजीतील अशा सुमारे १२,००० शब्दांतून त्याच्या सहचरीने ओळखीचे तेवढे निवडून यादी अडीच हजारांच्या आत आणली आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. ज्या यादीतून शोधायचे ती यादी कोणी आणि कोणासाठी केली, हे जाणणे म्हणजे निम्मा शोध, असे मला यावरून वाटू लागले आहे.

उलट टोकाचे उदाहरण नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूचे. याने २०१५ साली फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जगज्जेतेपद जिंकले, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी त्याने पाठ केली होती, अर्थाशिवाय. घोकंपट्टीला नावे ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे आणि मीही त्या टीकाकारांतलाच. पण संहितेचा अर्थ न कळताही स्वरवर्णाचा एक काना इकडचा तिकडे न करता ती पिढ्यानुपिढ्या जपणाऱ्या वेदपाठकांच्या देशात रिचर्ड्सला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

तथापि ज्याला नऊ आठवडे सवड नाही आणि हाती यंत्रही घ्यायचे नाही, त्याला एक तिसरी वाट आहे, व ती मला सर्वांत रमणीय वाटते. अक्षर अवघड का आहे, हे विचारायचे. 'व्ही' घ्या. दोन अक्षरांचे शंभराहून अधिक शब्द खेळात मान्य आहेत, परंतु त्यांत 'व्ही' असलेला एकही नाही. आणि 'व्ही'ने संपणारे शब्द तर हाताच्या बोटांवर मोजावे असे. याचे कारण, पूर्वी 'यू' आणि 'व्ही' ही एकाच अक्षराची दोन रूपे होती. शब्दाच्या शेवटी ते आले तर स्वर समजावे की व्यंजन, असा घोटाळा होई, म्हणून लेखनिकांनी त्याच्या पुढे मुका 'ई' पहारेकरी म्हणून उभा केला. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' या शब्दांच्या शेवटचा 'ई' हा असा जुन्या नेमणुकीचा शिपाई आहे, काम संपले तरी पगार चालू असलेला. मग 'व्ही'ने संपणारा शब्द कोठे शोधावा? ज्या शब्दांनी लेखनिकांचा तो दरबार पाहिलाच नाही तेथे, म्हणजे अलीकडच्या बाजारू बोलीत. 'रेव्ह', 'शिव्ह', 'स्पिव्ह' हे त्या वस्तीतले रहिवासी.

'जे'ची कथा अशीच. तो मुळात 'आय'ची लांब शेपटी; जॉन्सनच्या कोशातसुद्धा 'आय' आणि 'जे' यांचे शब्द एकाच रांगेत मिसळून लावलेले आहेत. शब्दाच्या शेवटी ज-कार लिहायचा तर इंग्रज 'ब्रिज'मधल्याप्रमाणे 'डीजीई' लिहितो, 'जे' कधीच नाही. तेव्हा 'जे'ने संपणारा शब्द हवा असेल तर इंग्लंडात शोधून उपयोग नाही; बोट धरून पूर्वेला आले पाहिजे. खेळाच्या यादीतील असे शब्द पाहावेत: 'हज', 'ताज', 'राज' आणि 'स्वराज'. लोकमान्यांनी ज्या शब्दासाठी मंडालेचा तुरुंगवास सोसला, तो आज परक्या भाषेच्या पटावर एका अडलेल्या अक्षराची सुटका करीत आहे, हे पाहून त्यांना राग आला असता की मौज वाटली असती, मला सांगता येत नाही.

आणि आता 'क्यू'. जुन्या इंग्रजीत राणीला आणि चपळाला आरंभी 'सी' आणि 'डब्ल्यू'सारखे अक्षर लिहीत. १०६६ नंतर नॉर्मन लेखनिक आले आणि त्यांनी आपल्या फ्रेंच वळणाने तेथे 'क्यू-यू' ही जोडी बसवली. तेव्हापासून 'यू'ने 'क्यू'ची पाठ सोडलेली नाही. परंतु 'क्यू'चे कुळ त्याहून फार जुने आहे. फिनिशियन लिपीतील 'कोफ' या अक्षरापासून एक शाखा ग्रीकांकडून रोमनांकडे गेली व 'क्यू' झाली. दुसरी शाखा अरबीत 'काफ' म्हणून नांदली, घशाच्या तळातून उच्चारायचा तो खोल ककार. पाश्चात्त्य पंडितांनी जेव्हा अरबी शब्द रोमन लिपीत काटेकोरपणे उतरवायचे ठरवले, तेव्हा त्या ककारासाठी त्यांनी 'क्यू' मुक्रर केला, आणि दोन-अडीच हजार वर्षे ताटातूट झालेले दोन भाऊ 'यू'च्या मध्यस्थीवाचून पुन्हा भेटले. 'फकीर', 'काझी', 'तलाक', 'बुरखा', 'किब्ला', 'कव्वाली': 'यू'विना 'क्यू' असलेल्या इंग्रजी शब्दांची यादी काढावी, तर तीत निम्मा मुलूख आपल्या ओळखीचा निघतो. बहमनी आणि निजामशाही अमदानीत याच शब्दांच्या भाईबंदांनी मराठीत वतने मिळवली. 'कायदा', 'कलम', 'किल्ला', 'तालुका' हे सारे त्याच काफाचे वंशज, फक्त आपण त्यांचा घसा मोकळा करून साधा 'क' केला. अपवाद म्हणून चीनचा 'ची' सांगितला पाहिजे, जो 'क्यू-आय' असा लिहितात. १९५८ साली चीनने रोमन लेखनाची जी पद्धती स्वीकारली, तिच्यात 'क्यू'ला च-काराच्या जवळचा उच्चार दिला. आणि २००६ साली तो दोन अक्षरी शब्द अमेरिकी यादीत दाखल होताच कित्येकांच्या हातात कुजत पडणारा 'क्यू' रातोरात कमावता झाला.

हे सगळे त्या श्रावणी संध्याकाळी मला सुचले नव्हते. भाचीच्या पट्टीवर त्या 'क्यू'सोबत दोन 'ए', एक 'एन' आणि एक 'टी' आहे एवढेच मी पाहिले, आणि दौलताबाद पाहण्यासाठी गेलो असताना औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहर-ए-अंबरीबद्दल ऐकलेला एक शब्द आठवला: भूमिगत कालव्याने दूरचे पाणी उताराउताराने शहरात आणण्याच्या इराणी रीतीचे नाव. ती पाच अक्षरे तिने तिप्पट गुणांच्या घरावरून सरळ मांडली. "कनात?" भाऊ उसळला, "कनात तर मंडपाला लावतात! मामा, मराठी शब्द चालत नाहीत." मंडपाची कनात ती नव्हे, हे मी परोपरीने सांगितले, मलिक अंबरची साक्ष काढली, पण त्याने फिर्याद मागे घेतली नाही. शेवटी मेणबत्ती जवळ ओढून कोश उघडला, आणि आता शब्द हाती असल्यामुळे त्या एकमेव दरवाजाने विनासायास आत जाता आले. 'क्यू'च्या सुरुवातीच्याच पानांवर तो निघाला. ४२ गुण मुकाट्याने वहीत जमा झाले.